पाठीमागची बारीक अक्षरं

(दृश्य: क्रॉफर्ड मार्केट, सकाळ. अर्धी उघडलेली शटर्स, फळांच्या पेट्या, पाटीवाले.)

सकाळचे साडेनऊ. ही महात्मा जोतिबा फुले मंडई, पण टॅक्सीवाल्याला अजूनही क्रॉफर्ड मार्केटच सांगावं लागतं. १८६९ सालची इमारत. काजळ, पावडर, शाम्पू, लिपस्टिक, भांडी घासायचा साबण, सगळं इथे घाऊक भावात मिळतं. लग्नसराईत तर या दुकानांसमोर उभं राहायला जागा नसते.

(दृश्य: प्राण्यांची दुकानं. पिंजऱ्यातला पांढरा ससा, जवळून.)

आणि त्याच मंडईत, प्राण्यांच्या गल्लीत, हा. अंगावर काळा ठिपकासुद्धा नाही. डोळे लाल. भोवती एवढा गलका चाललाय आणि याचं फक्त नाक हलतंय.

नेमका असाच ससा प्रयोगशाळांनी निवडला. १९४४ साली अमेरिकेच्या अन्न आणि औषध प्रशासनातले शास्त्रज्ञ जॉन ड्रेझ यांनी एक चाचणी बसवली. सशाची खालची पापणी ओढायची आणि आत ०.१ मिलिलिटर पदार्थ सोडायचा. एकाच डोळ्यात. दुसरा डोळा तुलनेसाठी तसाच ठेवायचा. मग २४ तासांनी पाहायचं, ४८ तासांनी, ७२ तासांनी. लाली किती, सूज किती, बुबुळावरचा पारदर्शक पडदा किती गढूळ झाला, याला गुण द्यायचे. लागलं तर २१ दिवस पाहत राहायचं. ससाच का? डोळे मोठे, स्वभाव गरीब, पाळायला स्वस्त. शाम्पू असो की फरशीचं औषध, ‘डोळ्याला झोंबेल का’ या प्रश्नाचं उत्तर अनेक दशकं याच डोळ्यातून काढलं गेलं.

(दृश्य: गिरगाव. चाळीचा लाकडी जिना, गॅलरी, वाळत घातलेले कपडे.)

इथून दहा मिनिटांच्या टॅक्सीवर गिरगाव. दुसरा मजला, गॅलरीच्या टोकाची खोली. या काकू टपाल खात्यातून निवृत्त झाल्या. आयुष्यभर लोकांचे पत्ते वाचले, आता बाटल्या वाचतात.

(दृश्य: मोरीवरची फळी. हातातलं भिंग, डब्याच्या पाठीमागची अक्षरं.)

भिंग टपाल तिकिटं पाहायचं आहे. पुढच्या बाजूकडे काकू बघतच नाहीत. फुलं, पानं, ‘नैसर्गिक’, ‘सौम्य’ हे सगळं तिकडे. त्या आधी डबा उलटा करतात.

हा हिरवा ठिपका पाहा. पुष्कळ जणांना वाटतं, हिरवा ठिपका आहे म्हणजे झालं. पण हा ठिपका आत काय घातलंय ते सांगतो: वनस्पतीपासूनचं की प्राण्यापासूनचं. तपासलं कुणावर, ते सांगत नाही. उलटही होतं. ही लिपस्टिक सशावर तपासलेली नसेल, पण घटकांच्या यादीत ‘सी. आय. ७५४७०’ दिसलं की तो लाल रंग किड्यांपासून काढलेला आहे. प्रश्न दोन आहेत, आणि दोन्ही वेगवेगळे विचारावे लागतात.

आता हा ससा. उडी मारणारा, भोवती चांदण्या. ‘लीपिंग बनी’चं हे चिन्ह चालवणारी संघटनांची आघाडी १९९६ सालची. ते हवं असेल तर कंपनीला एक तारीख ठरवावी लागते. त्या तारखेनंतर कंपनीनं प्राण्यांवर चाचणी करायची नाही, करून घ्यायची नाही, आणि कच्चा माल पुरवणाऱ्यांनीही करायची नाही. बाहेरचे तपासनीस येऊन कागदपत्रं पाहतात. पेटा ही प्राण्यांच्या हक्कांसाठी काम करणारी संघटना. तिच्या यादीत जायचं तर कंपनीला तशी लेखी हमी द्यावी लागते. पण काकूंच्या फळीवरच्या या दुसऱ्या डब्यावर जो ससा आहे तो यांतला कुठलाच नाही. कुणीतरी आपल्या मनानं काढलेला, गोजिरवाणा, बसलेला ससा. ‘क्रुएल्टी फ्री’ हे शब्दही तसेच. आपल्याकडे कायद्यात त्यांची व्याख्या नाही.

(दृश्य: फळीवरच्या बाटल्या, एकेक करून.)

कायदा आहे, आणि तो चांगला आहे. २०१४च्या मे महिन्यात भारतानं सौंदर्यप्रसाधनांची प्राण्यांवर चाचणी बंद केली. त्याच वर्षी १२ नोव्हेंबरपासून, तशी चाचणी झालेला परदेशी मालही आणायचा नाही असं ठरलं. युरोपीय संघानं हेच वर्षभर आधी, मार्च २०१३ मध्ये केलं होतं. यामागे संस्थांचं अनेक वर्षांचं काम आहे. पुण्याहून चालणारी ‘ब्यूटी विदाउट क्रुएल्टी’ तर १९७४ पासूनची.

पण कायद्यातला शब्द आहे ‘सौंदर्यप्रसाधन’. पावडर त्यात येते, शाम्पू येतो, टूथपेस्ट येते. लादीचं फिनेल येत नाही. भांड्यांची वडी येत नाही. डास घालवायच्या औषधांचा कायदाच वेगळा, १९६८ सालचा, आणि त्यांच्या नोंदणीसाठी विषारीपणाच्या चाचण्यांची माहिती द्यावी लागते. म्हणजे आरशासमोरची फळी बरीचशी सुटली, मोरीखालची नाही.

(दृश्य: प्रयोगशाळा. काचेपलीकडे पांढरे कोट. बारा खळग्यांची ताटली.)

‘मग तपासायचंच नाही का?’ हे हमखास विचारलं जातं. तपासायचंच. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका प्रयोगशाळेनं आम्हाला काचेच्या अलीकडून चित्रण करू दिलं.

या ताटलीत बारा खळगे आहेत. प्रत्येक खळग्यात करंगळीच्या नखाएवढी त्वचा. माणसाचीच. शस्त्रक्रियेत काढलेली, एरवी फेकून दिली गेली असती अशी त्वचा घेऊन, तिच्यातल्या पेशी वाढवून ती तयार होते. खालून पोषक द्रव, वरून हवा. हवा लागली की पेशींचा थरावर थर चढतो, आणि सगळ्यात वर आपल्या अंगावर असतो तसाच राठ थर तयार होतो. त्यावर हा थेंब ठेवतात. १५ मिनिटं. मग धुऊन टाकतात आणि ताटली ३७ अंशांवर ४२ तास ठेवतात. आपल्या अंगाची ऊब तेवढीच असते.

(दृश्य: पिवळा द्रव. तीन तासांनंतर, तेच खळगे.)

आता हा पिवळा द्रव. नाव एमटीटी. तीन तास थांबायचं.

जिथे पेशी जिवंत, तिथे जांभळं.

हे तीन खळगे गर्द जांभळे आहेत. शेजारचे तीन फिकट. फिकट म्हणजे तिथल्या पेशी मेल्या. किती जांभळं, ते यंत्र आकड्यात सांगतं. जिवंत पेशी निम्म्याहून कमी उरल्या, तर तो पदार्थ त्वचेला दाहक. ही पद्धत विकसित देशांच्या ओईसीडी या संघटनेनं २०१० साली मान्य केली. डोळ्यासाठी अशीच, कृत्रिमरीत्या वाढवलेल्या पारदर्शक पडद्याची चाचणी २०१५ साली मान्य झाली. सशाला गुण देणारा माणूस बदलला की गुण बदलायचे. इथे आकडा यंत्र देतं, आणि त्वचा माणसाची आहे.

(दृश्य: चाळीची गॅलरी, दुपार. परातीत रिठे.)

काकूंकडे रविवारी रिठे निघतात. बत्त्यानं एकेक फोडायचा. आतली काळीभोर बी बाजूला, ती शेजारची मुलं गोट्या म्हणून पळवतात. टरफलं रात्रभर भिजत. सकाळी एक उकळी, निवलं की हातानं कुस्करायचं. पाहा, फेस कसा येतोय. मग जुन्या धोतराच्या फडक्यातून गाळायचं. हे पाणी चार-पाच दिवसच टिकतं, म्हणून आठवड्याचं तेवढंच. केसांना हेच, पैठणीला हेच, पाटल्या उजळायलाही हेच. समया चिंचेनं, आणि स्वयंपाकघराची लादी धुण्याचा सोडा घातलेल्या गरम पाण्यानं.

रिठाही डोळ्यात गेला तर झोंबतो, चांगलाच झोंबतो. काकू सांगतात, नरकचतुर्दशीच्या पहाटे घरात पहिली आरोळी फटाक्याची नसायची, डोळ्यात रिठा गेलेल्या पोराची असायची. आई तांब्याभर पाणी डोळ्यांवर ओतायची.

पण रोज सकाळी ८.१२ची लोकल पकडणाऱ्या बाईनं रिठे फोडत बसावं, असं काकू म्हणत नाहीत. त्यांच्या सुनेची बाटली विकतचीच आहे. उडी मारणारा ससा पाहून आणलेली. थोडी महाग पडते.

(दृश्य: गॅलरीच्या टोकाला सामायिक संडास. कोपऱ्यात पाच लिटरचा कॅन.)

आणि हा कॅन. चाळ समिती दर महिन्याला आणते. यावर ना ससा, ना ठिपका, ना घटकांची धड यादी.

पण पत्ता आहे. ग्राहकाला तक्रार करता यावी म्हणून पाकिटावर नाव, पत्ता आणि फोन छापणं कंपनीला बंधनकारक आहे. काकूंना तेवढं पुरतं.

(दृश्य: पत्र्याची पेटी. पोस्टकार्डांचा गठ्ठा, फाइल.)

पोस्टकार्ड पन्नास पैशांचं. आतापर्यंत सव्वीस गेली, उत्तरं अकरा आली. ‘आम्ही सर्व कायद्यांचे पालन करतो,’ असं चौघांनी कळवलं. हे उत्तर काकू वेगळ्या कप्प्यात ठेवतात, कारण त्यात उत्तर नाही. ‘तयार उत्पादनाची चाचणी केली जात नाही,’ असं तिघांचं. त्यांना दुसरं कार्ड गेलं: आणि त्यातल्या घटकांची? एका लहान कंपनीनं मात्र पुरवठादारांच्या हमीपत्रांच्या प्रती जोडून पाठवल्या. त्या कंपनीचा साबण आता मजल्यावरच्या सहा खोल्यांत आहे.

(दृश्य: गॅलरीतला पाट. पेन, कार्ड, काकूंचा हात. अक्षर दिसेल इतक्या जवळून.)

आजचं कार्ड फिनेलवाल्यांना. काकू लिहिताना मोठ्यानं वाचतात.

‘सप्रेम नमस्कार. आमच्या चाळीत आपल्या फिनेलचे पाच लिटरचे तीन कॅन दर महिन्याला लागतात. हे फिनेल किंवा त्यातला कोणताही घटक आपण अथवा आपल्या पुरवठादारांनी प्राण्यांवर तपासला आहे का, ते कृपया लिहून पाठवावे. हो किंवा नाही, एवढे लिहिले तरी चालेल. उत्तर आल्यावर चाळ समितीच्या बैठकीत वाचून दाखवीन. कळावे.’