पिवळं कार्ड

(दादरला पालक आणि आठवी ते बारावीच्या मुलांसमोर झालेलं व्याख्यान, थोडं आवरून)

मागे उभे आहात त्यांनी पुढे या, पहिली रांग रिकामी आहे, मी कुणाला प्रश्न विचारणार नाहीये. आलात? बरं.

विषय ठरलाय 'किशोरवयात काय वाचावं'. यादी आणलीय, देणार आहे, पण त्याआधी एक गोष्ट सांगते, ती चाळीस वर्षं माझ्या पोटात आहे आणि ती नाही सांगितली तर ही नुसती वाण्याची यादी होईल.

मी लालबागची. आप्पा गिरणीत साचेखात्यात, म्हणजे विणाईत. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर, इथे केस पिकलेले जे बसलेत त्यांना वेगळं सांगायला नको. मी आठवीत होते. भोंगा बंद झाला आणि घरात सगळे हळू बोलायला लागले. काही बिऱ्हाडं कोकणात गावी गेली, वर्गातली बाकं रिकामी झाली, आणि आम्हा पोरांना कुणी काही सांगायचंच नाही. विचारलं की 'अभ्यास कर'. आजही मुलांनी काही अवघड विचारलं की घरोघरी हेच ऐकू येतं, आणि मला ते उत्तर वाटत नाही, पण ते राहू दे, त्यावर बोलायला लागले तर रात्र होईल.

घराजवळ एक वाचनालय होतं. मुलांना पिवळं कार्ड, मोठ्यांना निळं. पिवळ्या कार्डावर मिळणारा फास्टर फेणे मी वाचून संपवला होता. भा. रा. भागवतांवर माझं आजही प्रेम आहे हे आधीच सांगते, नाहीतर चहाच्या वेळी तुम्ही मला धरणार. पण फास्टर फेणे, म्हणजे बन्या, फुरसुंगीचा, पुण्यात सायकल हाणणारा, आणि आमच्याकडे दूधवाल्याचे पैसे थकलेले. मग कुणीतरी सांगितलं की दया पवारांचं 'बलुतं' म्हणून पुस्तक आहे, 1978 साली आलेलं, एका दलित माणसाने स्वतःचं आयुष्य सांगितलेलं, त्यात नागपाड्याचा कावाखाना, म्हणजे तिथली त्यांची वस्ती, आहे. नागपाडा! लालबागहून चालत जाता येईल अशी जागा पुस्तकात असू शकते हेच मला माहीत नव्हतं. काउंटरवर मागितलं. ग्रंथपालांनी कार्डाकडे बघितलं, माझ्याकडे नाहीच. "हे मोठ्यांचं आहे. आईला पाठव." आणि हातात थोर पुरुषांच्या बालपणाच्या गोष्टी ठेवल्या.

माणूस वाईट नव्हता, नियम पाळत होता. पण मला जो राग आला तो अजून गेलेला नाही. कारण त्याच आठवड्यात आईचं मंगळसूत्र गहाण पडलं होतं आणि सोनाराकडे आईच्या सोबतीला मीच गेले होते. तिथे मी मोठी, घरी पाव कमी आणला तर मी मोठी, धाकट्याला समजावायचं तर मी मोठी, फक्त त्या कपाटापाशी लहान.

शेवटी शेजारच्या तात्यांनी, तेही गिरणीतलेच, निळ्या कार्डावर काढून दिलं. म्हणाले, "पानं दुमडू नको आणि शनिवारी परत दे."

गॅलरीतल्या दिव्याखाली दोन रात्रींत वाचलं. सगळं कळलं नाही. पण संपात सगळे सारखेच असं आमच्या चाळीत म्हणायचे, आणि मला पहिल्यांदा प्रश्न पडला की मग आप्पांच्या खात्यातल्या गोष्टींमध्ये सगळी आडनावं आमच्यासारखीच का असतात. विचारलं. ते बराच वेळ गप्प बसले, मग म्हणाले की आधीच्या पिढीत धोट्यातून, म्हणजे मागावर आडवा धागा नेणाऱ्या लाकडी तुकड्यातून, धागा तोंडाने ओढून घ्यावा लागायचा, तोंड लागतं म्हणून सवर्ण कामगार दलितांना साचेखात्यात येऊच द्यायचे नाहीत, आणि पगार तर तिथेच जास्त. बाबासाहेबांनी 1928 च्या संपाच्या वेळी हाच प्रश्न लावून धरला होता हे मला पुढे कॉलेजात कळलं. पण त्या सबंध संपात आप्पा माझ्याशी मोठ्या माणसासारखं बोलले ते त्या एका रात्री, पुस्तक मांडीवर होतं म्हणून.

चिठ्ठी आलीय, सात मिनिटं. लिहून घ्या पटापट.

मुक्ता साळवे. जोतिबा-सावित्रीबाईंच्या शाळेतली मुलगी, मांग-महारांच्या दुःखाविषयीचा तिचा निबंध 1855 मध्ये 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. आमच्या मुलीला झेपेल का असं विचारणाऱ्या पालकांनी आधी हा वाचा, लिहिणारी चौदा वर्षांच्या आसपासची होती. मिलिंद बोकीलांची 'शाळा', नववीतलं प्रेम आणि देशातली आणीबाणी एकाच वर्षात, आणि सिनेमा पाहिलाय हे चालणार नाही. प्रकाश नारायण संतांचा लंपन, 'वनवास'पासून सुरू करा, बेळगावकडची बोली सुरुवातीला अडेल, मग तुम्हीच तसं बोलायला लागाल. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे', मुलग्यांनीसुद्धा, नवरा धर्म बदलतो तेव्हा बाईचं काय होतं आणि पुढे ती आपल्या मनाने काय ठरवते ते बघा. नारायण सुर्व्यांचं 'माझे विद्यापीठ', तान्हा सापडलेला हा मुलगा गंगाराम सुर्वे या गिरणी कामगाराने वाढवला, या कविता घरात मोठ्याने वाचा. नेमाड्यांची 'कोसला', 1963 ची, लिहिली तेव्हा ते पंचविशीत होते. नाही जमली तर ठेवून द्या, दोन वर्षांनी परत उघडा, पण नायकाच्या बहिणीच्या मृत्यूपाशी पोचलात तर त्या दिवशी तिथेच थांबा.

पालकांनो, निळं कार्ड तुमच्याकडे आहे. केळुसकर गुरुजींनी शाळकरी भीमरावांना सत्काराच्या वेळी स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र दिलं होतं, मोठ्यांचंच पुस्तक होतं ते.

हो हो, थांबते. पुस्तकं पिशवीत आणलीयत, बाहेर टेबलावर ठेवते, वहीत नाव लिहून घरी न्या. 'बलुतं'ची एकच प्रत आहे, दोघांनी उचलली तर आधी कोण ते आपसात ठरवा.