‘जिंकलो’ आणि ‘हरले’

नमस्कार श्रोतेहो.

सामना संपल्यावर पानटपरीपाशी किंवा लोकलच्या डब्यात लोकांची क्रियापदं नीट ऐका. आपला संघ जिंकला असेल तर ‘जिंकलो!’ आणि सामना हातचा गेला असेल तर ‘हरले.’ कर्ता उच्चारायचीही गरज पडत नाही. बोलणारा संघात आहे की संघाबाहेर जाऊन उभा राहिलाय, हे मराठीत शेवटच्या अक्षरावरून कळतं.

हाच फरक अमेरिकेत रॉबर्ट चाल्डिनी या मानसशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी मोजला. १९७६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासाची पद्धत अगदी साधी होती. तिथे विद्यापीठांचे अमेरिकन फुटबॉलचे सामने शनिवारी होत. सोमवारी सात विद्यापीठांतल्या मानसशास्त्राच्या वर्गांत मोजणी व्हायची: विद्यापीठाचं नाव किंवा चिन्ह असलेले कपडे किती जणांच्या अंगावर आहेत? संघ जिंकला असेल तर त्या सोमवारी असे कपडे जास्त दिसत.

त्याच अभ्यासातला दुसरा भाग याहून बोलका आहे. विद्यार्थ्यांना फोन करून विद्यापीठाविषयी सहा प्रश्न विचारले. खरी उत्तरं काहीही असोत, काहींना सांगितलं की तुमची बहुतेक उत्तरं बरोबर, काहींना सांगितलं की बहुतेक चुकली. मग विचारलं, अमुक सामन्याचं काय झालं हो? ‘आपण’ हा शब्द जिंकलेल्या सामन्याबद्दल बोलताना जास्त आला. आणि हा फरक सर्वांत ठळक दिसला तो ‘तुमची उत्तरं चुकली’ असं नुकतंच ऐकलेल्यांमध्ये.

या शेवटच्या गोष्टीपाशी थोडं थांबायला हवं. फक्त विजयात सोबत येणाऱ्याला संधिसाधू म्हणून आपण मोकळे होतो, पण तेवढ्याने उलगडा होत नाही. स्वतःबद्दलचा विश्वास डळमळला की माणूस जवळच्या कुणाच्या तरी यशाला हात लावून उभा राहतो. परीक्षेत, नोकरीत मार खाल्लेल्या दिवशी ‘जिंकलो’ म्हणण्याची गरज जास्त असते. आणि पराभवाच्या दिवशी तोच हात सोडवून घेणं सोपं, कारण चाहत्याचं नाव धावफलकावर नसतं. सी. आर. स्नायडर आणि सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये ही दुसरी बाजू दाखवली. तुमचा गट कामात कमी पडला असं सांगितल्यावर लोक गटाचे बिल्ले लावायला कचरत होते.

आपल्याकडचं सर्वांत दुखरं उदाहरण भारताचे क्रिकेट कर्णधार अजित वाडेकर यांचं. १९७१ मध्ये त्यांच्या संघाने आधी वेस्ट इंडीजमध्ये आणि मग ऑगस्टमध्ये ओव्हलची कसोटी घेऊन इंग्लंडमध्ये मालिका जिंकली. दोन्ही देशांत भारताचा हा पहिलाच मालिकाविजय. मुंबईत जंगी स्वागत झालं. १९७४ च्या इंग्लंड दौऱ्यात तिन्ही कसोट्या गेल्या, लॉर्ड्‌सवर दुसरा डाव ४२ धावांत आटोपला, आणि मुंबईतल्या त्यांच्या घरावर दगड पडले. वाडेकर त्यानंतर कसोटी खेळले नाहीत.

दगड मारणारा आणि गुपचूप टीव्ही बंद करणारा, हे दोघे एक नव्हेत. डॅनियल वॉन आणि नायला ब्रॅन्सकोम यांनी १९९० मध्ये दाखवलं, की संघाशी नातं पातळ असलेला चाहता पराभवानंतर दूर सरतो. ज्याचं नातं घट्ट, तो सहसा सरत नाही. पण सुटता येत नाही म्हणून त्याचा जळफळाट मात्र होऊ शकतो, आणि तो खेळाडूवर निघतो. त्याला कुठलंही समर्थन नाही.

नातं घट्ट होतं ते निकालापलीकडचं काही माहीत असलं की. मुलांना अंतिम सामन्याऐवजी रणजीच्या चार दिवसांतला एखादा साधा दिवस दाखवा. सोबत धावपुस्तक द्या. धाव न निघालेल्या चेंडूला टिंब, बळीला इंग्रजी डब्ल्यू, षटक संपलं की बेरीज, आणि गोलंदाजाच्या रकान्याचा फलंदाजांच्या रकान्याशी ताळा. अवांतर धावा लिहायच्या राहिल्या की हा ताळा हमखास चुकतो. एखादं निर्धाव षटक किती कष्टाने पडतं, हे सहा टिंबं स्वतः काढल्यावर मुलाला कळतं, मग तो गोलंदाज संध्याकाळी हरलेल्या बाजूचा का असेना.