डब्याचं सांगा, नाव नको

'टीबी पूर्ण बरा होतो' हे वाक्य दवाखान्याच्या भिंतीवर कित्येक वर्षं आहे. वाक्य खरंच आहे. पण गोळ्या सुरू झाल्या की लघवी लालसर केशरी होते. माणूस घाबरतो, रक्त जातंय म्हणतो आणि गोळ्या बंद करतो. त्या वेळी भिंत काही बोलत नाही. कोर्स पुरा केलेला माणूस मात्र सांगतो, "अहो, माझीही तशीच व्हायची. तो गोळीचा रंग आहे, तुम्ही घ्या." बऱ्या झालेल्यांना 'टीबी चॅम्पियन' म्हणून सरकारी कार्यक्रमात घेतात, ते याचसाठी.

गोवंडीत मी समुपदेशक होते, तेव्हाची गोष्ट. नवीनच लग्न झालेली एक मुलगी गोळ्या तांदळाच्या डब्यात तळाशी ठेवायची. सासूला कळलं तर माहेरी पाठवतील ही भीती. पाकिटाचा आवाज होऊ नये म्हणून दुपारीच गोळ्या सोडवून पदराच्या गाठीत बांधायची. बरी झाल्यावर बचत गटाच्या बैठकीत तिने एवढंच सांगितलं. हिंमत, जिद्द असला एकही शब्द नाही. बैठक संपली तरी दोन बायका घुटमळत होत्या. एक हळूच म्हणाली, "ताई, मला महिना झाला खोकला आहे." त्याच वस्तीत मी आधी तीनदा पत्रकं वाटली होती.

आता मुंबईच्या नंदिता व्यंकटेशन यांच्याविषयी. टीबी दुसऱ्यांदा झाला. उपचारात कॅनामायसिनची इंजेक्शनं होती आणि २०१३ मध्ये त्यांचं ऐकू येणं गेलं. भरतनाट्यम करणाऱ्या मुलीचं! कानाच्या आतल्या नाजूक पेशी मेल्या की परत येत नाहीत. दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा टिसिले यांचंही ऐकू येणं टीबीच्या उपचारातच गेलं. अशा इंजेक्शनांऐवजी देता येणारी टीबीची गोळी म्हणजे बेडाक्विलिन. या दोघींनी २०१९ मध्ये तिच्या वाढीव पेटंटला भारतात हरकत घेतली. ते मिळालं असतं तर ती बनवणाऱ्या जॉन्सन अँड जॉन्सन कंपनीची मक्तेदारी २०२७ पर्यंत लांबली असती. २३ मार्च २०२३ रोजी, क्षयरोग दिनाच्या आदल्या दिवशी, पेटंट कार्यालयाने कंपनीचा अर्ज फेटाळला. कायद्याचे मुद्दे वकिलांनी मांडले, हे खरंच. पण 'दुष्परिणाम' हा कागदावरचा शब्द म्हणजे काय, हे या दोघींमुळे लोकांना कळलं. बरं होणं म्हणजे नुसतं जिवंत राहणं का, हा प्रश्न आम्हा कार्यकर्त्यांना कधी सुचलाच नव्हता.

आम्हाला कहाणी हवी असते ती शेवट गोड असलेली. उलट्या, कानातली शिट्टी, वेगळं काढलेलं ताट हे आम्ही गाळतो आणि ऐकणाऱ्याला नेमकं तेच हवं असतं.

एक चूक माझी स्वतःची आहे. एका मुलाचा फोटो मी बॅनरवर छापला. त्याने मान डोलावली होती, तेवढ्यावर. बॅनर नाक्यावर लागला आणि घरमालकाने त्यांना खोली सोडायला लावली. तो मला कधी रागाने बोलला नाही. मला ते अजून छळतं. संमती म्हणजे काय ते मी त्यानंतर शिकले. बॅनर कुठे लागणार, कोण बघणार, हे आधी सांगायचं. घरी जाऊन विचार करायला वेळ द्यायचा. ऐनवेळी "नको" म्हटलं तरी चालेल, हेही सांगायचं.

आज इथे येण्याआधी मी गोवंडीच्या त्या मुलीला फोन केला. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "डब्याचं सांगा ताई. नाव नको."