दुसरा भाग आला काय?

नमस्कार मंडळी. सिनेमाला गेलात की मध्यंतरात काय करता? रांगेत उभे राहता. आधी एका रांगेत, मग दुसऱ्या. दुसरीतून हातात कागदी खोकं घेऊन परत येईतो पडद्यावर खलनायक अर्धा मेलेला असतो. तो कशानं मेला, हे शेजारच्याला विचारायची सोय नाही, कारण शेजारचाही रांगेतच असतो.

तर आज बोलायचंय मध्यंतरावर. सिनेमे पुन्हा लांबायला लागलेत. तीन तास, सव्वातीन तास. मध्यंतर मात्र आखडत चाललंय, आणि उरलंय त्यातही निम्म्या जाहिराती. परत सांगतो, सिनेमा लांबतोय आणि मध्यंतर आखडतंय.

आपल्याला मध्यंतराची सवय नाटकानंच लावलेली. अंक संपला, पडदा पडला, बटाटावडा आला. टॉकीजमध्ये त्याला यंत्राचंही कारण मिळालं. हजार फुटांचं रीळ पडद्यावर चालायचं साधारण 11 मिनिटं. म्हणजे 'सोळा रिळांचा पिक्चर' म्हटलं की समजायचं, तीन तासांची निश्चिंती. दोन यंत्रं असली की एक संपता संपता ऑपरेटर दुसरं चालू करायचा. जत्रेतल्या तंबूत एकच यंत्र असलं तर रीळ बदलेपर्यंत अंधारात शिट्ट्या. राज कपूरनं तर 'संगम'ला, 1964 साली, दोन मध्यंतरं दिली. 1970 च्या 'मेरा नाम जोकर'लाही दोन. लोकांनी दोनदा चहा प्यायला, कुणाचं काही बिघडलं नाही.

इंग्रजी सिनेमावाल्यांनी मात्र मध्यंतर जवळजवळ सोडूनच दिलं. 2023 चा 'ओपनहायमर' तीन तासांचा, दिग्दर्शकानं मध्ये थांबायची जागाच ठेवलेली नाही. मग आपल्याकडं ते मध्येच कुठंतरी कापतात. माणूस बोलायला तोंड उघडतो आणि दिवे लागतात! आपले पटकथावाले निदान मध्यंतराच्या आधी काहीतरी घडवून ठेवतात, म्हणजे बाहेर चहा पिताना वाद घालायला विषय मिळतो.

बाहेरच्या खाण्याचं निघालंच आहे तर सांगतो. परवा एका ठिकाणी पाटीवर 'कोल्हापुरी' चवीचं काहीतरी होतं. लाल रंग आणि नुसतं तिखट! अरे, तांबड्या रश्श्याबरोबर आमच्याकडं कोल्हापुरात पांढराही असतो, हे यांना कुणी सांगितलं नाही काय? असो. विषय मध्यंतराचा.

आता माझ्या मामाची गोष्ट. ऐंशीच्या दशकातली. तेव्हा एका पिक्चरची एकच प्रिंट कधीकधी दोन टॉकीजमध्ये चालायची. पहिल्या टॉकीजचा खेळ तीनला, दुसऱ्याचा पावणेचारला. पहिल्याकडं रीळ संपलं की डब्यात भरायचं, सायकलच्या कॅरियरला बांधायचं आणि दुसऱ्याकडं पळवायचं. हे पळवायचं काम मामाकडं. कॉलेज नापास, पण मांड्या लोखंडाच्या.

एप्रिल महिना. त्या दिवशी शाहू स्टेडियमवर फुटबॉलचा सामना. शिवाजी पेठ विरुद्ध मंगळवार पेठ. याच्यापुढं कोल्हापूरकराला काही सांगायची गरज नाही. आणि मामाची वाट स्टेडियमवरून.

सव्वापाचला दुसऱ्या टॉकीजमध्ये मध्यंतर झालं. मी आईबरोबर तिथंच, स्टॉलच्या तिकिटावर. दहा मिनिटं झाली. पंधरा झाली. पडद्यावर सराफाच्या दुकानाची स्लाइड, तीच ती. वीस मिनिटांत वडे संपले. अर्ध्या तासात खारे शेंगदाणे संपले. मग सोडा संपला. पुढच्या बाकांवरून सुरू झालं, "ए, पिच्चर लाव!" मॅनेजर तीनदा येऊन "दोन मिनिटं, दोन मिनिटं" करून गेला. आईच्या बाजूला बसलेल्या बाईंनी तेवढ्यात अख्खी मेथीची जुडी निवडली. खरंच सांगतो, पिशवीतून काढून निवडली. भाजी आधी घ्यायची आणि मग पिक्चरला यायचं, असा तो काळ.

चाळीस मिनिटांनी मामा आला. घामाघूम. दारातच पब्लिकनं घेरला.

"कुठं होतास रे?"

"पंक्चर झाली."

"कुठं झाली पंक्चर?"

मामा साधा माणूस. बोलून गेला, "स्टेडियमच्या दारात."

आता मार पडणार, असं मला वाटलं. आईनं तर डोळेच मिटले. पण गर्दीतून पहिला आवाज आला तो असा, "निकाल काय?"

मंडळी, त्या टॉकीजमध्ये दोन्ही पेठांची माणसं बसलेली. खरं सांगितलं तर निम्मे खांद्यावर घेणार, निम्मे खाली घेणार. मामानं डबे छातीशी धरले आणि म्हणाला, "आधी हे वर पोचवू द्या, मग सांगतो." पब्लिकनं वाट दिली. गडी जिना चढला, केबिनमध्ये गेला, आतून कडी घातली आणि जिथनं पिक्चरचा झोत येतो त्या झरोक्याला तोंड लावून ओरडला, "दोन-एक! मंगळवार!"

पुढं काय झालं विचारू नका. निम्मं थेटर बाकांवर चढून नाचायला लागलं. उरलेल्यातले बरेच उठून घरी गेले, तिकिटाचे पैसे न मागता. पिक्चर सुरू झाला तरी नाचणाऱ्यांच्या सावल्या पडद्यावर, आणि हिरॉईन बिचारी त्यांच्यामागं रडतेय. पावणेसातचा खेळ साडेसातला सुरू झाला, पावणेदहाचा सुटायला दीड वाजला. मामाचा आठवड्याचा पगार कापला गेला.

आता रीळ नाही, डबा नाही, सायकल नाही. सिनेमा संगणकात बसून येतो. मागच्या महिन्यात मामाला मल्टिप्लेक्समध्ये घेऊन गेलो. मध्यंतर झालं, जाहिराती लागल्या. मामा दोनदा मान वळवून मागं केबिनच्या झरोक्याकडं बघत होता.

मी विचारलं, "मामा, त्या दिवशी पिक्चर कुठला होता हो?"

बराच वेळ आठवत बसला. नाही आठवला. मग म्हणाला, "दुसरा गोल मात्र डाव्या पायानं मारला होता. कॉर्नरवरनं."