हातोडा नको

[दृश्य: रात्र. मिशिगनमधलं एक घर. गॅरेजचं दार अर्धं वर, बाहेर साचलेला बर्फ. आत दिव्याखाली निळा पिकअप ट्रक.]

स्टेअरिंगचं चाक दोन्ही हातांनी धरून वर-खाली केलं, की ते हलतं. फिरत नाही, हलतं. दुधाचा दात पडायच्या आधी हलतो, तसं.

गाडी उभी असताना हे नुसतं विचित्र वाटतं. पण एका पुलाच्या सांध्यावरून गाडी उडाली, स्टेअरिंग बोटभर खाली आलं आणि माझ्या पोटात गोळा आला. त्या दिवशी कशीबशी घरी आणली. त्यानंतर दुरुस्त होईपर्यंत रस्त्यावर काढली नाही.

ही १९७९ ची शेव्हरोले सी-१०. १९७३ ते १९८७ या वर्षांतल्या या पिकअपना त्यांच्या चौकोनी बांध्यावरून इथे ‘स्क्वेअरबॉडी’ म्हणतात. मी ती लॅन्सिंगजवळच्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याकडून घेतली. गाडी उंच. ते चढताना दर वेळी स्टेअरिंगला धरून स्वतःला वर ओढून घ्यायचे. चाळीसहून जास्त वर्षं हे असं चाललं, तर सैल होण्यात कोणाचा दोष काढायचा?

मी संगणकावर काम करतो. यंत्राला हात लावायची ही माझी पहिली वेळ. वडिलांचं मात्र सगळं आयुष्य त्यातच गेलं. कऱ्हाडजवळ हमरस्त्याला त्यांचं ट्रकचं गॅरेज होतं. उसाच्या हंगामात रात्र रात्र ते गाड्यांच्या खाली असायचे. आता गुडघे साथ देत नाहीत, म्हणून गॅरेज बंद आहे.

[दृश्य: बॉनेटवर टेकवलेला फोन. पडद्यावर वडील, हातात चहाचा कप.]

इथे रात्रीचे नऊ वाजतात तेव्हा तिकडे सकाळचे साडेसात. त्यांची अंघोळ झालेली असते. मी फोन लावला, तर त्यांनी पहिला प्रश्न विचारला, “फिरवताना मोकळं फिरतंय, का नुसतं डुलतंय?”

हा फरक मला ठाऊकच नव्हता. चाक थोडं फिरवलं तरी पुढची चाकं जागची हलत नसतील, तर तो ‘प्ले’. तो शोधायला खाली जायचं: स्टेअरिंग बॉक्स, म्हणजे चाकाचं फिरणं पुढे पोचवणारी दातेरी पेटी; टाय रॉडचे एंड, म्हणजे पुढची चाकं वळवणाऱ्या सळयांचे सांधे; आणि कॉलम, म्हणजे स्टेअरिंगचा दांडा ज्यात असतो ती नळी, नि बॉक्स यांच्यामधली रबर-कापडाची चकती. पण अख्खं चाकच वर-खाली डुलत असेल, तर आजार वर आहे, कॉलमच्या डोक्यात.

माझ्या गाडीचं चाक ‘टिल्ट’ आहे. म्हणजे एक खटका ओढला की चाक मान वाकवल्यासारखं वर-खाली सरकतं आणि सात जागांपैकी एका जागी अडकतं. ही रचना जनरल मोटर्सच्या सॅगिनॉ विभागानं १९६३ मध्ये आणली. सॅगिनॉ हे गाव माझ्या घरापासून गाडीनं दीड तासावर आहे. १९०६ पासून तिथे स्टेअरिंगचे भाग बनतात. दुसऱ्या महायुद्धात त्याच विभागानं मशीनगन आणि कार्बाइन बंदुका बनवल्या. आज तो विभाग वेगळी कंपनी म्हणून नेक्स्टिअर या नावानं चालते आणि तिचा एक कारखाना पुण्यातही आहे. हे ऐकून बाबा म्हणाले, “मग काय, गाववालेच झाले की.”

[दृश्य: बॅटरीची ऋण तार सुटते. हॉर्नचं बटण निघतं. खाली मोठा नट.]

सुरुवात सोपी होती. बॅटरीची ऋण तार काढली, हॉर्नचं बटण उचकटलं, मधला नट सोडवला. चाक आणि दांडा यांच्यावर खडूनं एकच रेघ ओढून ठेवली, म्हणजे परत बसवताना चाक तिरकं बसायला नको. मग चाक ओढलं. हललं नाही. पुन्हा ओढलं. काहीच नाही.

“नट दोन आटे परत चढव,” बाबा म्हणाले. “दोन्ही गुडघे चाकाखाली लाव, वर ओढ, आणि वरनं नटावर एक हातोडा घाल. टणकन सुटतंय बघ.”

त्यांनी शेकडो ट्रकची चाकं अशी काढली असतील. मी हातोडा घेतलाही होता. पण आदल्या आठवड्यात दुरुस्तीच्या पुस्तकात एक सूचना वाचली होती, ती आठवली: या दांड्याच्या टोकावर घाव घालू नये, कॉलमवर रेलू नये, तो खाली पाडू नये.

“बाबा, हातोडा नको म्हणतात.”

“का?”

[दृश्य: हातानं काढलेलं चित्र. एक लांब सरळ रेघ, तिच्या एका टोकाला गाडीचं नाक, दुसऱ्या टोकाला माणसाची छाती.]

याचं उत्तर मी त्यांना कागदावर काढून दाखवलं.

जुन्या गाड्यांत स्टेअरिंगचा दांडा म्हणजे एक सलग लोखंडी सळई. तिचं खालचं टोक गाडीच्या नाकाजवळ, वरचं चालकाच्या छातीसमोर. गाडी समोरून आदळली की नाक मागे येतं, आणि नाकाबरोबर ती सळईही मागे येते. भाल्यासारखी.

१९६७ च्या मॉडेलांपासून अमेरिकेतल्या गाड्यांत वेगळा कॉलम येऊ लागला. १ जानेवारी १९६८ पासून तिथल्या नव्या मोटारींना त्याबाबतचा सरकारी नियम लागू झाला. या कॉलममध्ये दांडा दोन तुकड्यांचा असतो, एक दुसऱ्यात सरकणारा. दोन्ही तुकडे जागेवर राहावेत म्हणून भोकांतून वितळलेलं प्लॅस्टिक आत भरतात. ते थिजलं की त्याच्या बारीक खिट्ट्या होतात. रोजच्या चालवण्यात त्या खिट्ट्या घट्ट राहतात. मोठा धक्का बसला की त्या तुटतात आणि कॉलम दुर्बिणीसारखा मिटतो. छातीवर येणारा मार तो स्वतःवर घेतो.

आणि हातोड्याचा घाव हाही धक्काच. नट सुटेल, पण आत खिट्टी तुटली तर बाहेरून काही दिसणार नाही.

बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मला वाटलं, फोन अडकला.

“म्हणजे तो मोडायसाठीच केलाय?”

“वेळ आली तर.”

मग त्यांनी एका ट्रकची गोष्ट सांगितली. मी लहान असताना तो गॅरेजात ओढून आणला होता. समोरचा भाग आत गेलेला, आणि स्टेअरिंग सीटच्या पाठीला टेकलेलं. ते सरळ करायला बाबांना दोन दिवस लागले होते. चालकाविषयी ते तेव्हा घरी काही बोलले नव्हते. आता, इतक्या वर्षांनी, म्हणाले, “पोरगा तुझ्या आताच्या वयाचा होता.”

मी हातोडा पेटीत ठेवून दिला.

[दृश्य: दोन बोल्टांचा पुलर चाकावर बसतो. मधला स्क्रू पान्यानं हळूहळू फिरतो. बारीक करकर, मग चाक सुटतं.]

त्यासाठी पुलर आहे. चाकातच दोन आटे पाडलेली भोकं असतात. त्यांत पुलरचे बोल्ट बसवायचे आणि मधला स्क्रू फिरवत राहायचं. जोर सगळा चाक आणि दांडा यांच्यातच राहतो, खाली कुठे जात नाही.

चाकाखाली लॉक प्लेट, म्हणजे किल्ली काढल्यावर स्टेअरिंग अडकवणारी चकती, खाली दाबून धरलेली. ती आणखी दाबून तारेची गोल क्लिप काढायची. मग इंडिकेटर आपोआप बंद करणारा कॅम, एक स्प्रिंग, इंडिकेटरचा स्विच. स्विचच्या तारा कॉलमच्या पोटातून खाली जातात. त्या वर ओढण्याआधी टोकाला सुतळी बांधावी, म्हणजे परत नेताना वाट सापडते. ही युक्ती बाबांची. सुटे भाग मी मिसळणाच्या जुन्या डब्यात ठेवले, सात वाट्यांत, ज्या क्रमानं निघाले त्या क्रमानं.

एका ठिकाणी मात्र थांबून सांगायला हवं. टिल्टची स्प्रिंग. चाक सगळ्यात वरच्या जागी नेल्यावर ती सर्वांत सैल असते, तरीही तिच्यात बराच जोर शिल्लक असतो. तिची टोपी मोठ्या स्क्रू ड्रायव्हरनं आत दाबून, किंचित फिरवून सोडायची. डोळ्यांवर चष्मा हवाच, आणि तोंड तिच्या समोर नको. मी दोन्ही हातांनी दाबून धरली होती, तरी ती बाहेर येताना तळव्याला झिणझिण्या आल्या.

[दृश्य: टिल्टच्या डोक्याच्या दोन्ही बाजूंना दिसणाऱ्या दोन गोल पिना.]

आता या दोन पिना. टिल्टचं डोकं यांच्यावरच झुलतं. त्या घट्ट बसवलेल्या असतात आणि धरायला काहीच नसतं. फक्त मधे एक बारीक आटे असलेलं भोक. यासाठी वेगळं हत्यार मिळतं. माझ्याकडे नव्हतं, आणि त्या रात्री दुकानं बंद होती.

“भोकात बसेल असा स्क्रू आहे का?” बाबांनी विचारलं. होता, ८-३२ मापाचा. “एक छोटा सॉकेट पिनीवर पालथा घाल. त्यावर वॉशर. स्क्रू त्यातनं आत घाल, वरनं नट आवळत जा. पिन कुठं जाईल? सॉकेटच्या पोटातच येईल.”

आली. दोन्ही आल्या.

मग खटका ओढून धरला आणि टिल्टचं डोकं उचलून बाजूला केलं. खाली ते चार बोल्ट होते.

[दृश्य: टॉर्चचा प्रकाश. चार लहान बोल्ट, डोक्यांना बाहेरून ताऱ्यासारखे कंगोरे. बोटानं एक फिरवला जातो.]

यांची डोकी बाहेरून ताऱ्याच्या आकाराची असतात, ई-८ मापाची. साधा पाना त्यांवर बसत नाही. पण मला पान्याची गरजच पडली नाही. दोन बोल्ट बोटानं फिरले. तिसरा जवळजवळ बाहेर आला होता. अख्खं स्टेअरिंग एका बोल्टच्या भरवशावर होतं.

मी फोन जवळ नेऊन दाखवलं. बाबा एवढंच म्हणाले, “देवानं राखलं.”

चारही बाहेर काढून आटे ब्रशनं घासून पुसले. आटे धरून ठेवणारं औषध लावलं. मग एकाआड एक, समोरासमोरचे आवळले. हे लहान बोल्ट आहेत. यांचा जोर इंच-पौंडात मोजतात, फूट-पौंडात नव्हे. चाकाच्या नटावर लावतो तसा दणकून जोर लावला तर आटे जातील. बेअरिंगचे छर्रे पाहिले, झिजलेले नव्हते. नवं ग्रीस लावलं.

डबा उलट्या क्रमानं रिकामा केला. शेवटची वाटी रिकामी झाली, बॅटरी जोडली, किल्ली फिरवली.

गाडी चालू झाली नाही.

या कॉलममध्ये किल्लीचं कुलूप वर असतं आणि विजेचा खरा स्विच खाली, कॉलमच्या बुडाजवळ. किल्ली आत एक दातेरी तुकडा फिरवते, तो दुसरा दातेरी पट्टा सरकवतो, पट्ट्याला जोडलेली सळई खालचा स्विच हलवते. त्या तुकड्याचा एक दात मुद्दाम रुंद केलेला असतो, आणि पट्ट्यावर तेवढीच रुंद खाच. रुंद दात रुंद खाचेतच बसायला हवा. माझ्याकडून तो एका घरानं चुकला होता. त्यामुळे किल्ली पूर्ण फिरली, पण स्विच स्टार्टपर्यंत पोचलाच नाही.

दुसऱ्या रात्री सगळं पुन्हा उघडलं. पहिल्यांदा तीन संध्याकाळी लागल्या होत्या, या वेळी दोन तास. हात सरावले होते.

[दृश्य: जॅकवर उचललेली पुढची चाकं. कॅमेरा जमिनीलगत.]

रस्त्यावर काढण्याआधी पुढची चाकं जॅकवर घेतली. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत स्टेअरिंग फिरवलं: कुठे अडकतंय का, तारा ओढल्या जातायत का. किल्ली काढल्यावर स्टेअरिंगचं लॉक बसतंय का, लावल्यावर पूर्ण सुटतंय का. गिअरचा दांडा प्रत्येक खुणेवर नेमका थांबतोय का. हॉर्न. आणि मग चाक दोन्ही हातांनी धरून वर-खाली.

हललं नाही.

[दृश्य: सकाळ. बर्फ बाजूला सारलेला रस्ता. फोन डॅशबोर्डवरच्या क्लिपमध्ये.]

तिकडे संध्याकाळ होती. बाबा देवापुढे दिवा लावून बसले होते. मी हळू चालवत होतो. चौकात डावीकडे वळलो. इंडिकेटर लावला, वळण घेतलं, चाक सरळ झालं आणि इंडिकेटर आपोआप जागेवर आला. टक.

“तो आवाज कसला?” बाबांनी विचारलं.

“इंडिकेटरचा कॅम, बाबा. बरोबर बसला.”

“हं.” ते थोडं पुढे वाकले, पडद्यात डोकावल्यासारखे. “आता गाडी घरी ने. टाय रॉडचे एंड अजून बघायचे राहिलेत.”