पॅच बिनबोभाट लागला? मग दोनदा तपासा: ट्रेसिंगची दुरुस्ती जुन्या स्टेबल कर्नलमध्ये नेताना

[कॅमेऱ्यासमोर]

नमस्कार मंडळी. लिनक्स कर्नलच्या ट्रेसिंगमधला, म्हणजे कर्नलमध्ये घडणाऱ्या घटना टिपणाऱ्या यंत्रणेतला, एक बग मेनलाइनमध्ये, म्हणजे विकास चालतो त्या मुख्य झाडात, दुरुस्त झालाय असं धरू. पॅच जेमतेम दहा ओळींचा आहे. पण तुमचं मशीन मेनलाइनवर चालत नाही. ऐरोली-महापे पट्ट्यातल्या डेटा सेंटरमधला सर्व्हर असो, नाहीतर वागळे इस्टेटच्या एखाद्या गाळ्यात जुळणी होणारा गेटवे असो, वर डेबियन १२ असेल तर खाली ६.१ कर्नल आहे आणि डेबियन ११ असेल तर ५.१०. ती दुरुस्ती तिथपर्यंत, म्हणजे फक्त दुरुस्त्या घेणाऱ्या जुन्या स्टेबल ब्रँचपर्यंत, न्यायची कशी, म्हणजेच बॅकपोर्ट कसा करायचा, ते आज पाहू.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. कॉन्फ्लिक्ट आला, म्हणजे पॅच जुन्या कोडवर बसलाच नाही, की माणूस थांबतो, कोड वाचतो, डोकं खाजवतो. पॅच बिनबोभाट लागला की कोणी वाचत नाही. ट्रेसिंगच्या बॅकपोर्टमध्ये खरा घात होतो तो या दुसऱ्या प्रकारात. म्हणून आज जास्त वेळ तिथे घालवणार आहोत.

[स्क्रीनवर: ट्रेस इव्हेंटचं चित्र, डावीकडे "नोंद", उजवीकडे "छपाई"]

आधी बग नीट बघा. ट्रेस इव्हेंटचं काम दोन वेळा होतं. इव्हेंट घडतो त्या क्षणी त्याची नोंद रिंग बफरमध्ये, म्हणजे ट्रेसिंगच्या गोल फिरून भरणाऱ्या मेमरीत, जाते. ती नोंद वाचण्याजोगी छापली जाते नंतर, कोणी ट्रेस फाइल उघडली की. मध्ये दोन मायक्रोसेकंद जातील किंवा दोन दिवस. आता इव्हेंट लिहिणाऱ्याने डिव्हाइसचं नाव बफरमध्ये उतरवलंच नाही, नावाचा पॉइंटर तेवढा ठेवला. छापताना टीपी-प्रिंटके मॅक्रोने "टक्का एस" ही स्ट्रिंग छापायची खूण लावून त्या पॉइंटरवर जाऊन नाव वाचलं. मधल्या काळात डिव्हाइस निघून गेलेलं, नावाची मेमरी मोकळी झालेली, तिथे भलतंच काही येऊन बसलेलं.

घोडबंदर रोडवरच्या एखाद्या सोसायटीत वॉचमनने रजिस्टरमध्ये पाहुण्याचं नाव न लिहिता "३०२ चे भाडेकरू" एवढंच लिहिलं, असं समजा. सहा महिन्यांनी रजिस्टर उघडून तुम्ही ३०२ ची बेल वाजवली, तर दार दुसराच कोणी उघडेल. फ्लॅट रिकामाही असू शकतो. तसा रिकामा पत्ता कर्नलमध्ये वाचला तर थेट क्रॅश.

उपाय सरळ आहे: नावच उतरवून घ्या. फील्डच्या जागी स्ट्रिंग मॅक्रो लावायचा आणि नोंद करताना असाइन-एसटीआर मॅक्रोने अक्षरं बफरमध्ये कॉपी करायची. मेनलाइनमधला पॅच एवढाच.

[स्क्रीनवर: टर्मिनल]

आता तो मागे न्यायचा. पण चेरी-पिक, म्हणजे गिटमध्ये एक कमिट उचलून दुसऱ्या ब्रँचवर लावणं, लगेच मारू नका. आधी बग तुमच्या ब्रँचमध्ये आहे का ते ठरवा. पॅचखाली "फिक्सेस" टॅग असतो, त्यात चूक आणणाऱ्या कमिटच्या हॅशचे, म्हणजे त्या कमिटच्या ओळख-आकड्याचे, पहिले १२ आकडे असतात. त्यावर गिट डिस्क्राइब, डॅश-डॅश कंटेन्स चालवलं की ती चूक मेनलाइनच्या कुठल्या आवृत्तीत शिरली ते कळतं. समजा उत्तर आलं ६.५. मग ६.१ सुरक्षित? नाही, असं गृहीत धरू नका! ६.५ मधलं ते कमिट स्वतःच बॅकपोर्ट होऊन ६.१ मध्ये आलेलं असू शकतं. तिथे त्याचा आकडा वेगळा असतो, म्हणून आकड्याने कमिट शोधलं तर सापडत नाही. स्टेबल ब्रँचच्या लॉगमध्ये मजकूर शोधा: गिट लॉग, डॅश-डॅश ग्रेप, पुढे मेनलाइनचा आकडा, पुढे ब्रँच, म्हणजे लिनक्स डॅश ६.१ डॉट वाय. स्टेबलच्या कमिट संदेशात मूळ आकडा लिहिलेला असतो, तो तिथे पकडला जातो.

तोच ग्रेप उलट्या दिशेनेही करा. मेनलाइनच्या लॉगमध्ये "फिक्सेस" आणि तुमच्या दुरुस्तीचा आकडा शोधा. दुरुस्तीची दुरुस्ती आधीच येऊन गेली असेल तर दोन्ही पॅच बरोबर न्यायचे. एकटा पहिलाच नेला तर मेनलाइनमध्ये निस्तरलेली चूक तुम्ही जुन्या ब्रँचमध्ये नव्याने पेरलीत.

इतकं झालं की स्टेबल झाडातली ब्रँच चेकआउट करा आणि गिट चेरी-पिक, डॅश एक्स.

आपल्या उदाहरणात काय होईल? ६.१० पासून असाइन-एसटीआर मॅक्रो एकच पॅरामीटर घेतो, फील्डचं नाव. ६.६ आणि त्याआधी त्याला दोन लागतात: फील्डचं नाव आणि कुठून कॉपी करायचं तो स्रोत. मेनलाइनचा पॅच ६.६ वर तसाच लावलात तर कंपाइलर अडवतो. ही प्रामाणिक चूक, ती लगेच दिसते. दुसरा पॅरामीटर घाला, पण जपून. जुन्या कर्नलमध्ये स्ट्रिंग मॅक्रो आपल्या स्रोताची लांबी मोजून जागा राखतो आणि असाइन-एसटीआर नंतर स्वतःला दिलेला स्रोत थेट एसटीआर-कॉपीने उतरवतो. दोन ठिकाणी वेगवेगळी पदावली लिहिली आणि दुसरी लांब निघाली, तर राखलेल्या जागेबाहेर लिहिलं जाईल. कंपाइलर इथे एक शब्द बोलणार नाही. म्हणून दोन्हीकडे अक्षर न् अक्षर तीच पदावली ठेवा.

रिंग बफरच्या पॅचमध्ये अशीच एक जागा आहे. ६.८ पासून सब-बफरचा, म्हणजे रिंग बफरच्या एका तुकड्याचा, आकार बदलता येतो, म्हणून नवा कोड आकार बफरच्या सबबफ-साइझ फील्डमधून घेतो. ६.६ मध्ये तो बफ-पेज-साइझ नावाचा स्थिरांक आहे. हेही कंपाइलर पकडतो, त्यामुळे पुढे जाऊ.

[कॅमेऱ्यासमोर, जवळून]

आता कंपाइलर पकडत नाही ते. कर्नल ६.५ मध्ये क्लीनअप डॉट एच ही हेडर फाइल आली आणि तिच्याबरोबर गार्ड आला. गार्डने म्युटेक्स, म्हणजे एका वेळी एकालाच आत सोडणारं कुलूप, घेतला की फंक्शनमधून कुठूनही बाहेर पडा, कुलूप आपोआप सुटतं. ६.१४ मध्ये ट्रेसिंगच्या बऱ्याच फंक्शन्सनी ही पद्धत घेतली. त्याआधी तीच फंक्शन्स जुन्या वळणाने लिहिलेली होती: वर म्युटेक्स-लॉक, चूक झाली की गोटू, तळाशी म्युटेक्स-अनलॉक.

समजा मेनलाइनच्या दुरुस्तीत मधोमध एक तपासणी वाढवली आहे: इव्हेंट सापडला नाही तर उणे ई-नोडेव्ह, म्हणजे "असं डिव्हाइस नाही" हा एरर कोड, परत करा. दोन ओळी. वर-खालचे तीन-तीन ओळींचे संदर्भ ६.६ मध्ये अगदी तसेच आहेत, कारण म्युटेक्स घेणारी ओळ वीस ओळी वर आहे, हंकच्या, म्हणजे पॅचमधल्या त्या तुकड्याच्या, बाहेर. पॅच लागतो. कंपाइल होतो. वॉर्निंग नाही. पण ६.६ मध्ये त्या रिटर्नने फंक्शन इव्हेंट-म्युटेक्स घेऊन तसंच बाहेर पडतं. पुढचा जो कोणी एखाद्या इव्हेंटच्या एनेबल फाइलमध्ये १ लिहील, तो तिथेच अडकेल. प्रोसेस डी स्टेटमध्ये जाते, किल उणे ९ लाही दाद देत नाही. हंग-टास्क तपासणी चालू असेल तर नेहमीच्या सेटिंगला १२० सेकंदांनी लॉगमध्ये तक्रार येते. आणि हे घडतं फक्त चुकीच्या वाटेने गेलात तर. नेहमीच्या चाचणीत सगळं हिरवं.

म्हणून ट्रेसिंगच्या पॅचमध्ये नवा रिटर्न दिसला की हंकपुरतं बघून थांबायचं नाही, अख्खं फंक्शन जुन्या ब्रँचमध्ये उघडून वाचायचं. इथे बॅकपोर्टमध्ये रिटर्नऐवजी रेट या व्हेरिएबलमध्ये उणे ई-नोडेव्ह ठेवा आणि तळाच्या अनलॉक लेबलवर गोटू करा. काही जुन्या स्टेबल ब्रँचमध्ये क्लीनअप हेडर मागाहून आलेली आहे, तेव्हा गार्डच वापरू असा मोह होतो. आमच्या मते तो टाळावा. एकाच फंक्शनमध्ये गोटू आणि गार्ड मिसळू नयेत, असं त्या हेडरच्या दस्तावेजातच लिहिलंय. आणि अख्खं फंक्शन गार्डवर आणायचं तर पॅच फुगतो. स्टेबलची मर्यादा संदर्भाच्या ओळी धरून १०० ओळींची आहे.

[स्क्रीनवर: कॉन्फिग मेनू]

चाचणी. जुनी ब्रँच शक्यतो तिच्या काळातल्या कंपाइलरने बांधा. डेबियन ११ च्या कंटेनरमध्ये जीसीसी १० मिळतो, ५.१० साठी तो बरा. कॉन्फिगमध्ये केसॅन (मेमरीचा चुकीचा वापर पकडतो) आणि प्रूव्ह-लॉकिंग (कुलपांच्या चुका पकडतं) चालू करा. केसॅन मेमरीचा आठवा भाग स्वतःच्या हिशेबासाठी घेतो, म्हणून क्यूईएमयूला, म्हणजे चाचणीच्या व्हर्च्युअल मशीनला, किमान दोन-चार जीबी द्या. व्हर्टमी-एनजी वापरलंत तर वेगळी डिस्क इमेज बनवावी लागत नाही, बांधलेला कर्नल तिथल्या तिथे बूट होतो. ट्रेसिंग पूर्ण बंद ठेवूनही एकदा बांधून पाहा. दुरुस्तीत नवं फंक्शन आलं असेल तर ट्रेसिंग बंद असतानाची रिकामी इनलाइन आवृत्ती जुन्या हेडरमध्ये राहून जाते, आणि मग बिल्ड मोडतो तो दुसऱ्याच कोणाचा.

मग बग स्वतः घडवा. पॅचशिवाय आधी, पॅच लावून नंतर. इव्हेंट चालू करा, डिव्हाइस जोडा, काढा, आणि सगळ्यात शेवटी ट्रेस फाइल वाचा. क्रम महत्त्वाचा आहे, डिव्हाइस असताना वाचलंत तर काहीच दिसणार नाही. पॅचशिवाय केसॅनने यूज-आफ्टर-फ्री, म्हणजे मोकळी झालेली मेमरी वापरली, असं ओरडायला हवं. ५.१५ किंवा ६.१ वर केसॅन गप्प राहिला तरी नावाच्या जागी "अनसेफ-मेमरी" असं छापून येईल, कारण तिथे छापताना पॉइंटर तपासला जातो. ५.१० निघालं तेव्हा ही तपासणी कर्नलमध्ये नव्हती, तेव्हा तिथे केसॅनवरच भिस्त.

पॅच लावल्यावर इव्हेंटची फॉरमॅट फाइल उघडा. पूर्वी जिथे कॅरॅक्टर पॉइंटर दिसत होता, तिथे डेटा-लॉक (इथे लॉक म्हणजे लोकेशन, कुलूप नव्हे) लिहिलेलं दिसलं पाहिजे. इथे एक लक्षात घ्या: ६४ बिट मशीनवर पॉइंटर ८ बाइटचा, डेटा-लॉक ४ बाइटचा. पुढच्या फील्डची जागा सरकू शकते. ट्रेस-सीएमडी आणि पर्फ ही ट्रेस वाचणारी साधनं फॉरमॅट फाइल वाचून चालतात, त्यांना फरक पडत नाही. पण ऑफसेट हाताने लिहिलेला बीपीएफ प्रोग्राम, म्हणजे चालू कर्नलमध्ये घातलेला छोटा प्रोग्राम, मोडू शकतो. म्हणून बॅकपोर्ट करताना फील्डचा क्रम नीटनेटका करायला जाऊ नका, मेनलाइनमध्ये आहे तोच ठेवा.

गार्डच्या उदाहरणात चुकीची वाट मुद्दाम चालून बघा. प्रूव्ह-लॉकिंग चालू असेल तर "यूजर स्पेसला परतताना लॉक धरलेलं आहे" अशी वॉर्निंग पहिल्याच फेरीत येते, १२० सेकंद थांबावं लागत नाही. शेवटी कर्नलच्या झाडातल्या सेल्फटेस्ट्समधला एफट्रेसटेस्ट, म्हणजे ट्रेसिंगचा चाचणीसंच, रूट म्हणून चालवा, पॅचच्या आधी एकदा आणि नंतर एकदा, आणि दोन्ही याद्या शेजारी ठेवून बघा. जुन्या कर्नलवर काही चाचण्या "अनसपोर्टेड" दाखवतील. त्यांची चिंता नको, पास होती ती फेल झाली का एवढं बघा.

[स्क्रीनवर: कमिट संदेश]

संदेश असा. मूळ लेखक तोच. मजकुराच्या अगदी वर स्वतंत्र ओळ: कमिट, मेनलाइनचा पूर्ण ४० आकडी हॅश, अपस्ट्रीम. त्याखाली मूळ मजकूर आणि मूळ सह्या जशाच्या तशा. मग चौकटी कंसात तुमची नोंद, तुम्ही काय बदललंत आणि का: "६.६ मध्ये असाइन-एसटीआरला दोन पॅरामीटर, म्हणून स्रोत दिला." खाली तुमचं साइन्ड-ऑफ-बाय. ही कंसातली नोंद आळसाने गाळू नका. तपासणारा मेनलाइनच्या पॅचशी तुलना करतो, आणि न सांगितलेला फरक त्याला चूकच वाटणार.

फॉरमॅट-पॅचला सब्जेक्ट प्रीफिक्स द्या: पॅच, ६.६ डॉट वाय. पाठवायचं स्टेबलच्या यादीवर, प्रत मूळ लेखकाला आणि ट्रेसिंगच्या मेंटेनरना, म्हणजे स्टीव्हन रॉस्टेड आणि मासामी हिरामात्सु यांना. पॅच आपोआप लागला नाही म्हणून ग्रेग क्रोहा-हार्टमन यांच्याकडून "फेल्ड" मेल आलेली असेल तर तिलाच उत्तर म्हणून पाठवा. कुठल्या कमांड चालवायच्या ते त्या मेलमध्येच दिलेलं असतं.

आणि ब्रँच गाळू नका. तुम्हाला गरज फक्त ५.१० ची असली तरी ६.१२, ६.६, ६.१, ५.१५ यांपैकी जिथे जिथे बग आहे तिथे दुरुस्ती असायला हवी. ठाण्याहून सुटलेली वाशी लोकल दिघा गाव, ऐरोली, रबाळे, घणसोली करतच जाते, तसंच. नाहीतर कोणी ५.१० वरून ६.१ वर गेलं की सुटलेला बग परत येतो, नव्या कर्नलवर जाऊनही.

पॅच घेतला गेला की स्टेबलच्या पुढच्या आरसीमध्ये, म्हणजे तपासणीसाठी निघणाऱ्या उमेदवार आवृत्तीत, दिसतो, आणि तपासायला साधारण ४८ तास मिळतात. ते वाया घालवू नका. तुमची जुनी बिल्ड नको, तीच आरसी बांधा. तिच्यात इतरांचेही पॅच असतात आणि त्यातला एखादा तुमच्याच फंक्शनमध्ये हात घालून गेलेला असू शकतो. फॉरमॅट फाइल पुन्हा बघा, डिव्हाइस काढून ट्रेस पुन्हा वाचा, चुकीची वाट पुन्हा चाला. ठीक असेल तर आरसीच्या मेलला टेस्टेड-बाय द्या. नसेल तर त्याच ४८ तासांत स्पष्ट लिहा की हा पॅच या ब्रँचमधून काढा, आणि खाली केसॅनचा पूर्ण लॉग जोडा.