प्रॅक्टिकल तपासताना उत्तर सगळ्यात शेवटी बघा

तुम्ही सगळे जर्नल तपासणारेच आहात, त्यामुळे सिंपल पेंड्युलम, म्हणजे दोऱ्याला टांगलेला गोळा झुलवून g काढायचा प्रयोग, काय ते सांगत बसत नाही. मार्कांची स्कीम सांगायचं कबूल केलंय, ती सांगतोच, पण आधी एका मुलीचं सांगू द्या, कारण त्याचा मला अजून राग येतो.

तिचं g, म्हणजे गुरुत्वाकर्षणाचं त्वरण, ९.८ ऐवजी आलं १०.८६ च्या आसपास, आणि एकदा नाही, पाचही लांब्यांना. परीक्षकांनी लाल गोल केला, मार्क कापले. शेजारच्या मुलाचं पाचही वेळा ९.८०, त्याला पैकीच्या पैकी! आता बघा, स्टॉपवॉच हाताने दाबायचं म्हणजे ०.२ सेकंद इकडेतिकडे होणारच, मीटरभर पेंड्युलमला २० ऑसिलेशन्सना, म्हणजे पूर्ण झोक्यांना, ४० सेकंद लागतात, म्हणजे वेळेत अर्धा टक्का, आणि सूत्रात T चा, म्हणजे एका झोक्याच्या वेळेचा, वर्ग होतो म्हणून g मध्ये एक टक्का, म्हणजे ०.१. मग पाचही वेळा ९.८० कसं येईल? हसताय म्हणजे तुम्हालाही माहितीये, उत्तर आधी, रीडिंग मागून.

मुलीला मी एवढंच विचारलं, वॉच सुरू करताना काय म्हणतेस? म्हणाली, "एक." शून्य म्हणायला हवं होतं ना, तिची २० म्हणजे खरी १९ झाली, आणि २० भागिले १९ चा वर्ग करून ९.८ ने गुणलं की १०.८६ च येतं, करून बघा. रीडिंग इतकी खरी की नुसत्या आकड्यावरून चूक सापडली. अशा वहीला मार्क कापायचे?

भौतिकशास्त्रज्ञ मिलिकनचंच घ्या की, त्याने काढलेला इलेक्ट्रॉनचा चार्ज अर्ध्या टक्क्याहून जरा जास्त फरकाने कमी निघाला, मुख्यतः हवेच्या व्हिस्कॉसिटीचा, म्हणजे चिकटपणाचा, आकडा चुकला होता म्हणून, पण पद्धत कागदावर होती म्हणून पुढच्यांना ते शोधता आलं. १९२३ चं नोबेल मिळालंच ना त्याला!

पाच मिनिटं राहिली म्हणतायत, बरं, स्कीम पटकन. दहापैकी चार कच्च्या रीडिंगना, पेनने लिहिलेल्या, खोडलेला आकडाही दिसला पाहिजे. तीन ग्राफला, T वर्ग विरुद्ध लांबी, कारण बॉबची, म्हणजे गोळ्याची, त्रिज्या लांबीत धरायची राहिली तरी रेष ओरिजिनमधून, म्हणजे शून्यातून, जात नाही एवढंच, स्लोपवरून, म्हणजे रेषेच्या चढावरून, g बरोबरच येतं, आणि हे ज्याला सांगता आलं त्याला पूर्ण तीन. दोन मार्क एररच्या अंदाजाला, कारणासकट, नुसतं "मानवी चूक" लिहिलं तर शून्य. उत्तराला एक. व्हायवा, म्हणजे तोंडी परीक्षा, वेगळा नको, टेबलापाशीच विचारा, ऑसिलेशन्स २० च का घेतली, ५ का नाही?

आणि शक्य असेल तर दोऱ्याचा वरचा भाग डब्यात झाका, खालची लांबी बदलत मोजायला सांगा आणि ग्राफवरून झाकलेली लांबी काढायला लावा, प्रत्येक टेबलाला वेगळी. ते उत्तर पुस्तकात नाही, शेजाऱ्याकडेही नाही, त्यामुळे रीडिंग घ्यावीच लागतात.